जुन्या बाटलीची साक्ष

काळेवाडीत जुनी घरे पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत. पवनेच्या पलीकडे पिंपरीत कारखाने निघाले, तेव्हा अलीकडच्या काठावर अर्धा-एक गुंठा जागा घेऊन ज्यांनी विटांची आणि पत्र्याची घरे बांधली, त्या पिढीतील बहुतेक जण आता निवृत्त झाले आहेत. काही निवर्तलेही आहेत. घर रिकामे करताना माळ्यावरून पाण्याचा बंब, सायकलीची ट्यूब, कामगार संघटनेच्या वर्गणीच्या पावत्या यांच्याबरोबर कधीकधी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एखादी व्हिस्कीची बाटलीही खाली येते. कोणी आखातातून परतताना आणलेली, कोणी लष्करी कॅन्टीनमधून मिळवून दिलेली, कोणा साहेबाने दिवाळीला भेट दिलेली. सील तसेच असते. ती का उघडली नाही हे सांगायला वडील नसतात. मग घरातील महाविद्यालयात जाणारा मुलगा म्हणतो, ‘‘जुनी आहे, लाखात जाईल’’. शेजारी म्हणतात, ‘‘जितकी जुनी तितकी चांगली, उघडून तर पाहा’’. आणि दाराशी आलेला भंगारवाला काहीच न बोलता तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहतो.

या तिघांच्या मनात प्रश्न एकच असतो : बाटली किती जुनी? प्रश्न हौसेचा वाटतो. मद्याशी ज्यांचा काडीचा संबंध नाही, अशा शिक्षकांना आणि कारकुनांना तो निरर्थकही वाटेल. वस्तुतः तो पुरावा कसा वाचावा याचा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरावर केवळ पैसे नव्हे, तर माणसांचे डोळे आणि प्राणही अवलंबून असू शकतात. म्हणून त्याकडे थोडे गंभीरपणे पाहिले पाहिजे.

वय कशाचे?

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात. काचेत ती मुरत नाही. लेबलावर ‘बारा वर्षे’ असे छापलेले असते, त्याचा अर्थ पिंपातील वास्तव्य बारा वर्षांचे, एवढाच. बाटलीत भरल्यावर ती बाटली चाळीस वर्षे माळ्यावर राहिली, तरी आतील व्हिस्की बावन्न वर्षांची होत नाही. उलट बूच सुकले किंवा झाकण सैल झाले तर ती उडून जाते, पातळी खाली येते आणि चवही बिघडते. पिंपातील मुरण्याचे गणितदेखील हवेप्रमाणे बदलते. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते. आपल्याकडील उष्णतेत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक जाते. म्हणून भारतीय माल्ट व्हिस्की थोड्या वर्षांतच बाटलीत भरतात. तेव्हा ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे वाक्य लोणच्यालाही पूर्णपणे लागू पडत नाही, बंद बाटलीला तर मुळीच नाही.

याचा अर्थ असा की, लेबल आणि सील पाहून आपण जे ठरवतो ते बाटलीच्या वेष्टनाचे वय असते. कागद केव्हा छापला, झाकण केव्हा बसवले, काच केव्हा ओतली, एवढेच त्या खुणा सांगतात. आत काय आहे याविषयी त्या फक्त सूचना देतात. ही मर्यादा ध्यानात ठेवली, तर पुढील वाचन फार उद्बोधक ठरते.

खुणांचा कायदा

या वाचनाचा मुख्य नियम इतिहासाच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. एखाद्या कागदावर अनेक काळांच्या खुणा असतील, तर सर्वांत अलीकडची खूण निर्णायक मानावयाची. बाटली त्या खुणेच्या आधीची असूच शकत नाही. खालची मर्यादा अशी पक्की ठरते. वरची मर्यादा मात्र नेहमी सैल असते, कारण जुने छापील कागद संपेपर्यंत वापरले जातात, जुने साचे झिजेपर्यंत चालवले जातात. ‘या वर्षाआधीची नाही’ हे ठामपणे म्हणता येते. ‘या वर्षानंतरची नाही’ हे जपूनच म्हणावे लागते. माळ्यावरील बाटली ज्या वर्तमानपत्रात गुंडाळली होती त्याची तारीखदेखील बाटलीची नव्हे, फक्त गुंडाळण्याची मर्यादा सांगते. रद्दी कितीही जुनी वापरता येते.

भारतीय बाटलीवर या नियमाचा प्रयोग करून पाहावा. किंमत रुपये-आण्यांत असेल तर ती १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या व्यवहारातील, कारण त्या दिवशी दशमान नाणेपद्धती आली. वजनमापांचा कायदा १९५६ चा. त्यानंतरच्या काही वर्षांत औंस आणि पाइंट मागे पडून मिलिलिटर आले. अर्थात बोलण्यातले शब्द कायद्याहून चिवट असतात. साडेसातशे मिलिच्या बाटलीला क्वार्ट, पावणेचारशेच्या बाटलीला पिंट आणि एकशेऐंशीच्या बाटलीला निप म्हणण्याची रीत अजून टिकून आहे. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर बाटली १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. कारखान्याचे राज्य ‘म्हैसूर’ लिहिलेले असेल तर मूळ मजकूर १ नोव्हेंबर १९७३ पूर्वीचा, कारण त्या दिवशी त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. ‘गोवा, दमण आणि दीव’ असे असेल तर तो ३० मे १९८७ पूर्वीचा; त्या दिवशी गोवा स्वतंत्र घटक राज्य झाले. आता एकाच लेबलावर पिन कोडही आहे आणि ‘गोवा, दमण आणि दीव’ हेही आहे असे समजा. केवळ दोन खुणांवरून ती बाटली १९७२ ते १९८७ या पंधरा वर्षांच्या आसपास येऊन बसते. यासाठी मद्याची एक थेंबभरही माहिती लागत नाही. सातवी-आठवीच्या नागरिकशास्त्राची उजळणी पुरते.

पुढच्या खुणा अधिक नेमक्या आहेत. आवेष्टित वस्तूंचे नियम १९७७ चे. त्यांनी वेष्टनावर माप आणि उत्पादकाचा नाव-पत्ता यांची शिस्त आणली. ‘सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत’ हा आज मुलांनाही पाठ असलेला शब्दप्रयोग १९९० पासूनचा. ८९० ने सुरू होणारा रेघांचा बारकोड भारतात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजला. आणि मद्यपान आरोग्यास हानिकारक असून मद्य पिऊन वाहन चालवू नका, असा जोडसंदेश ठरावीक शब्दांत दिसला, तर तो अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांतला. ते नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. शहरांची नावेही साक्ष देतात. बॉम्बेचे मुंबई १९९५ मध्ये, मद्रासचे चेन्नई १९९६ मध्ये आणि कलकत्त्याचे कोलकाता २००१ मध्ये अधिकृत झाले. कंपनीचे नाव पाहावे. सोलन-कसौलीचा जुना ‘डायर मीकिन’ उद्योग स्वातंत्र्यानंतर मोहन घराण्याकडे आला आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मोहन मीकिन’ झाला. ज्या लेबलावर जुने नाव आहे ते उघडच त्याआधीच्या छपाईचे.

विलायती बाटल्यांसाठी वेगळी कोष्टके आहेत. ब्रिटनमध्ये मद्याची तीव्रता १९८० पूर्वी ‘प्रूफ’च्या अंशांत देत, ७० अंश प्रूफ म्हणजे आजचे ४० टक्के. त्यानंतर टक्केवारी आली. ७५ सेंटिलिटरची बाटली जाऊन ७० सेंटिलिटरची बाटली १९९० च्या दशकाच्या आरंभी युरोपात रूढ झाली. आपल्याकडे मात्र ४२.८ टक्के आणि ७५ अंश प्रूफ ही दोन्ही मापे एकाच लेबलावर शेजारी नांदत आली. म्हणून जे गमक तेथे चालते ते येथे चालेलच असे नाही. परदेशी कोष्टक हातात घेऊन देशी बाटलीचे वय काढणाऱ्या हौशी मंडळींची फजिती होते ती येथेच.

काचेचा काळ, कागदाचा काळ

काळेवाडीपासून फार दूर नसलेल्या तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या निधीतून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने, स्वदेशी काच करण्याचा तो प्रयत्न होता. पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि तेथील प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत लागला. या परिसराला काचेची ओळख अशी शंभर वर्षांहून जुनी आहे. तोंडाने फुंकून केलेली बाटली, साच्यात फुंकलेली बाटली आणि यंत्राने केलेली बाटली यांत फरक असतो. यंत्राच्या बाटलीवर जोडाची बारीक रेघ बुडापासून थेट तोंडाच्या कडेपर्यंत जाते. पूर्ण स्वयंचलित यंत्र अमेरिकेत १९०३ च्या सुमारास आले. बुडावरील आकड्यांवरून साचा किंवा कारखाना कधीकधी ओळखता येतो.

तथापि काचेवर फार भिस्त ठेवण्यात आपल्या देशात एक अडचण आहे. आपल्याकडे बाटली टाकून देण्याची वस्तू कधीच नव्हती. रॉकेल, तेल, मध, फिनेल, शाई, काढा या सर्वांसाठी तीच बाटली पुन्हा पुन्हा वापरली गेली. कारखान्यांनीही धुतलेल्या जुन्या बाटल्या परत भरल्या. त्यामुळे काच साठ साली ओतलेली, कागद सत्तर साली छापलेला आणि झाकण ऐंशी साली बसवलेले, अशी बाटली अशक्य नाही. तीन साक्षीदार तीन वेगळे काळ सांगू लागले म्हणजे त्यांपैकी कोणी खोटे बोलतो असे नव्हे. बाटलीचे आयुष्यच तीन खंडांचे असू शकते. फसवणुकीचा वास येतो तो तेव्हा, जेव्हा सर्वांत नवी खूण ही सर्वांत जुन्या दाव्याला छेद देते : म्हणजे ‘पन्नास सालची’ म्हणून पुढे केलेल्या बाटलीवर पिन कोड आढळतो, किंवा रंग उडालेल्या लेबलाच्या खाली ताज्या डिंकाची कड दिसते.

सील कशासाठी असते?

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळावयास हवे. ज्या खुणांवरून आज वय काढतात, त्यांतील कितीतरी खुणा वयासाठी निर्माण झालेल्याच नाहीत. त्या फसवणूक थांबवण्यासाठी निर्माण झाल्या. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये संपली. बंदीच्या काळात नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या बाटल्यांत हलकी दारू भरून विकण्याचा धंदा बोकाळला होता. म्हणून १९३५ पासून तेथे काचेतच अक्षरे ओतण्याची सक्ती झाली : ही बाटली पुन्हा विकण्यास वा वापरण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. ही सक्ती १९६४ पर्यंत होती. आज संग्राहक ते वाक्य पाहून आनंदाने म्हणतो, ‘‘१९३५ ते १९६४ मधली!’’ त्याच्या दृष्टीने ती तारीख आहे. ज्यांनी ती अक्षरे ओतली त्यांच्या दृष्टीने ती एक भीती होती. झाकणावरून चिकटवलेली अमेरिकी कराची हिरवी किंवा तांबडी पट्टी १९८५ मध्ये रद्द झाली. तीही आज वयाची खूण आहे. मुळात ती कर भरल्याची आणि बाटली न उघडल्याची पावती होती.

आपल्या राज्यातही हेच. मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये दारूबंदीचा पहिला प्रयोग झाला. नंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि परवान्यांचे युग सुरू झाले. पुढे निर्बंध सैल झाले. पण कायदा मोडीत निघाला नाही. त्याच कायद्याचा वारसा आजचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम चालवतो. मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो आणि विक्रीचा परवाना नसताना बाटली विकणे हा गुन्हा आहे, हे कित्येक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. ‘फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी’, ‘फक्त संरक्षण दलांतील व्यक्तींसाठी’ असे शिक्के लेबलावर येतात, ते याच व्यवस्थेतून. माळ्यावरच्या बाटलीचे लेबल म्हणजे राज्यव्यवस्थेने लिहिलेला एक छोटा दस्तऐवज आहे. त्यात राज्याच्या सीमा आहेत, मापे आहेत, कर आहेत आणि नागरिकावरचा अविश्वासही आहे.

साक्षीदारच फितूर झाला तर?

अस्सल लेबल, अस्सल काच आणि अस्सल झाकण असूनही आतील द्रव्य खोटे असू शकते. स्वित्झर्लंडमधील सेंट मोरिट्झ येथील एका हॉटेलात २०१७ मध्ये १८७८ सालची म्हणून मिरवणाऱ्या मॅकॅलन व्हिस्कीचा एक पेला सुमारे दहा हजार फ्रँकना विकला गेला. नंतर तज्ज्ञांना बूच आणि लेबल यांविषयी शंका आली. प्रयोगशाळेत नमुना तपासला, तेव्हा ते द्रव्य बहुधा १९७० ते १९७२ मधले आणि तेही मिश्र व्हिस्कीचे निघाले. हॉटेलच्या मालकाने ग्राहकाचे पैसे परत केले, ही त्या प्रकरणातील उल्लेखनीय गोष्ट. स्कॉटलंडमधील एका प्रयोगशाळेने २०१८ मध्ये दुर्मीळ म्हणून बाजारात आलेल्या ५५ बाटल्या तपासल्या, त्यांपैकी २१ बनावट किंवा सांगितलेल्या सालाच्या नसलेल्या ठरल्या. ही तपासणी शक्य झाली त्याचे कारण विलक्षण आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुस्फोटांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकाएकी वाढले. त्या हवेत वाढलेल्या सातूत ते उतरले आणि सातूतून व्हिस्कीत. त्यामुळे अणुयुगापूर्वीचे मद्य असल्याचा दावा करणाऱ्या लबाडाला हवाच उघडे पाडते.

याच्या उलट उदाहरण अंटार्क्टिकाचे. अर्नेस्ट शॅकल्टनच्या १९०७ च्या मोहिमेतील व्हिस्कीची खोकी त्याच्या झोपडीखालच्या बर्फातून २०१० मध्ये बाहेर काढण्यात आली. २०११ मध्ये त्यांपैकी तीन बाटल्या स्कॉटलंडला तपासणीसाठी नेण्यात आल्या. त्या व्हिस्कीची तीव्रता ४७.३ टक्के भरली. त्या बाटल्यांबद्दल कोणी शंका घेतली नाही. त्यांची लेबले फार सुरेख होती म्हणून नव्हे. त्या कोठे होत्या, कोणी ठेवल्या आणि मध्यंतरी त्यांना कोणाचा हात लागला नाही, हे ठाऊक होते म्हणून. बाटलीचा खरा पुरावा तिच्या अंगावर कमी आणि तिच्या प्रवासात अधिक असतो.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कामगाराला हे पटवून द्यावे लागणार नाही. येथील कारखान्यात साधा नटबोल्टदेखील खेप क्रमांकाशिवाय पुढच्या यंत्रावर जात नाही. दोष निघाला तर तो कोणत्या पाळीत, कोणत्या भट्टीच्या मालातून आला हे मागे जाऊन पाहता येते. पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या पेनिसिलिनच्या कुप्यांचेही तेच. त्या कुपीवरची तारीख ही हौस नव्हती; ती रुग्णाला दिलेली हमी होती. लेबल चिकटवले म्हणून माल खरा होत नाही, मालाची नोंद खरी असेल तरच लेबलाला अर्थ येतो, हा या औद्योगिक पट्ट्याने शिकवलेला धडा आहे.

रिकाम्या बाटलीची किंमत

मग तो भंगारवाला जरा जास्त वेळ का पाहत होता? कारण फुटकी काच किलोवर जाते आणि अखंड बाटली नगावर. त्यातही महागड्या विलायती व्हिस्कीची, झाकण आणि लेबल शाबूत असलेली रिकामी बाटली आणखी मोल खाते. ती लोणच्यासाठी किंवा मनीप्लँटसाठी जात असेल तर कोणाची हरकत नाही. पण हलके मद्य भरून भारी नावाने विकणाऱ्यांना हवी असते ती हीच बाटली. राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या छाप्यांत रिकाम्या बाटल्या, झाकणे आणि लेबले एकत्र सापडल्याच्या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. गोव्यात विक्रीसाठी असलेले मद्य लेबल बदलून इकडे विकण्याचे प्रकारही असेच वारंवार उघडकीस येतात. येथे ग्राहकाचे नुकसान पैशांपुरते राहिले तर तो नशीबवान म्हणावयाचा. आत मिथेनॉल असेल तर थोडक्या घोटांत दृष्टी जाते आणि प्राणही जातात. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. ती गावठी दारू होती, तेथे लेबलाचा प्रश्न नव्हता हे खरे. पण मरणाऱ्यांनी आत काय आहे हे न कळता ती प्यायली, ही गोष्ट दोन्हींकडे सारखीच.

याचा दोष काच वेचणाऱ्यांवर ढकलणे अन्यायाचे होईल. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील कचरावेचकांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या संघटनेचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे आहे. शहराची काच पुन्हा भट्टीत पोहोचते ती याच हातांनी. दोष आहे तो बाटली अखंड बाहेर सोडणाऱ्या बेफिकिरीचा आणि ती अखंड असल्यानेच तिला भाव देणाऱ्या बाजाराचा.

उपाय अवघड नाहीत. पहिला उपाय तमिळनाडूने दाखवला आहे. तेथे निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून मद्याच्या बाटलीवर दहा रुपये अनामत घेऊन रिकामी बाटली परत आणणाऱ्यास ते पैसे परत देण्याची पद्धत सुरू झाली आणि नंतर ती इतर जिल्ह्यांत नेण्यात आली. तिचा हेतू प्रामुख्याने डोंगरातील काचेचा कचरा थांबवण्याचा होता. परंतु रिकामी बाटली अधिकृत वाटेने परत गेली म्हणजे अनधिकृत वाट आपोआप अरुंद होते. महाराष्ट्रात हे करताना वेचकांच्या संघटनांना त्या व्यवस्थेत स्थान दिले, तर त्यांची मिळकतही बुडणार नाही. दुसरा उपाय परवानाधारक बार आणि हॉटेलांपुरता : महाग मद्याच्या रिकाम्या बाटल्यांचे लेबल खरवडून व झाकण मोडूनच त्या बाहेर जाव्यात आणि त्याची नोंद ठेवली जावी.

तिसरा उपाय शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्या अधिक जवळचा आहे. राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मद्याचे लेबल उत्पादन शुल्क खात्याकडून मंजूर करून घ्यावे लागते. याचा अर्थ, गेल्या कित्येक दशकांची लेबले, त्यांच्या मंजुरीच्या तारखांसह, सरकारी दप्तरांतून कोणत्या ना कोणत्या फायलीत लागलेली असणार. ती नीट जतन करून, क्रमवार लावून जनतेला पाहण्यास खुली केली, तर एका दगडात दोन पक्षी मरतील. पोलिसाला आणि ग्राहकाला खरे-खोटे लेबल ताडून पाहता येईल. आणि महाराष्ट्राच्या छपाईचा, करांचा, मापांचा व दारूबंदीचा इतिहास लिहिणाऱ्याला एक अपूर्व साधन मिळेल. ज्या कारकुनांनी त्या फायली वर्षानुवर्षे सांभाळल्या, त्यांच्या कष्टांना मिळणारा तो मानच होईल. मद्याचा विषय म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. दस्तऐवजाला सोवळे-ओवळे नसते.

राहता राहिली ती माळ्यावरून उतरलेली बाटली. ती विकू नये, कारण कायदा तसे करू देत नाही आणि लाखांची स्वप्ने दाखवणाऱ्या खरेदीदाराला बहुधा आतल्या मद्यापेक्षा बाहेरची काचच हवी असते. ती उघडून चाखूही नये, कारण चाळीस वर्षांत तिला कोणाचा हात लागला हे कोणीच शपथेवर सांगू शकत नाही. लेबलावरच्या खुणा वहीत उतरवून घ्याव्यात : पत्ता, राज्याचे नाव, माप, किंमत, पिन कोड. घरातल्या मुलाला त्यावरून वय काढावयास सांगावे; इतिहासाच्या तासाहून त्याला त्यात अधिक गोडी वाटेल. त्याने काढलेल्या वर्षी वडील कोणत्या कारखान्यात, कोणत्या पाळीत होते आणि आखातातून कोण परतले होते, हे आईला विचारावे. तिचे उत्तर मुलाच्या हिशेबाशी जुळले, तर बाटलीचा प्रवास कळला असे समजावे. न जुळले, तर बाटली मध्येच कोठेतरी दुसऱ्या हातातून गेली, असे मानणेच शहाणपणाचे. मग आतले द्रव्य मोरीत ओतून, झाकण मोडून, हवी तर ती काच आठवण म्हणून ठेवावी. काळेवाडीतल्या नव्या इमारतीत माळा नसतो. परंतु एका रिकाम्या बाटलीपुरती जागा कोठल्याही खिडकीत होते.